उरलेला धडा

"आधी गोल दाखव," मुकादम म्हणाली.

बाबाने चमचा हवेतच थांबवला. ताटलीत दोन घास भात वाढून झाला होता. तो त्याने निमूटपणे पातेल्यात परत टाकला, ताटली पुसली आणि तिच्यापुढे धरली. तिने ती वरून पाहिली, खालून पाहिली, एक बोट फिरवून बघितले.

"आलं गोल. आता वाढ."

मुकादम पावणेतीन वर्षांची होती. घरात कोण काय करते आहे आणि ते नीट होते आहे की नाही, यावर तिचे बारीक लक्ष असे; म्हणून आईनेच तिला हे नाव ठेवले होते. 'गोल' मात्र बाबाच्या दुकानातून आलेले. बाबा वजनकाटे दुरुस्त करायचा. वाण्यांचे, भाजीवाल्यांचे, सोनारांचे, टपाल कचेरीचे. कुठलाही काटा समोर आला की तो आधी त्यावरचे सगळे काढून ठेवी आणि पडद्यावर शून्य येते का ते पाही. मुलगी बोलायला लागल्यापासून शेजारच्या स्टुलावर बसून तीही पाहू लागली. "गोल आलं?" तो विचारी. "आलं," ती म्हणे. मगच तो वजन ठेवी. आकड्याच्या आधी आडवी रेघ दिसली तर तिचे नाव काडी. काडी दिसली की काटा आजारी.

हे त्याने तिला शिकवले, असे म्हणणे खरे नव्हते. तो दिवसातून वीस वेळा विचारत गेला आणि ती उत्तर देत गेली, एवढेच. पण एकदा कळल्यावर तिने तो नियम दुकानात ठेवून दिला नाही. ताटली, पेला, आंघोळीची बादली, सगळ्यांना आधी गोल व्हावे लागे.

"पटापट खा. आज आपल्याला बाहेर जायचंय," बाबा म्हणाला.

"आई कुठे गेली?"

"पेपर द्यायला."

मुकादमने घास गालात ठेवून विचार केला. "पेपर तर घरीच येतो."

पलीकडे पलंगावर, दोन उशांच्या मध्ये, दीड महिन्याचे बाळ झोपेत तोंड हलवत होते. बाबाने घड्याळ पाहिले. नऊला दूध, साडेनऊला निघायचे, साडेदहाला दवाखाना, एकला परीक्षेच्या शाळेबाहेर. दोन मुलांना घेऊन तो आजवर कधी एकटा बाहेर पडला नव्हता. आईने फ्रीजमध्ये दुधाच्या दोन बाटल्या काढून ठेवल्या होत्या आणि त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: 'पहिली', 'दुसरी'. दुसरीच्या चिठ्ठीवर खाली बारीक अक्षरात लिहिले होते, 'ढेकर विसरू नकोस'.

आई पाणीपुरवठा कचेरीत कारकून होती. वरच्या जागेसाठी खात्याची परीक्षा दोन वर्षांतून एकदा होई आणि ती नेमकी आज आली होती. बाळाला वजनासाठी बोलावले होते, तेही आजच. पंधरा दिवसांपूर्वी दवाखान्यातल्या काट्याने तीन किलो शंभर ग्रॅम दाखवले होते. जन्माचे वजन दोन नऊशे. महिन्याभरात फक्त दोनशे ग्रॅम वाढ. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "अजून पंधरा दिवस बघू. साडेतीन पार झालं पाहिजे. नाही झालं तर डब्याचं दूध सुरू करू, आणि काही तपासण्याही कराव्या लागतील."

त्या दिवशी घरी आल्यावर आई बाळाला खाली न ठेवता बराच वेळ उभीच राहिली होती.

"मला नाही पटत," ती म्हणाली होती. "माझ्या हाताला बाळ जड लागतंय. रोज कालच्यापेक्षा जड लागतंय. काटा चुकला असेल."

बाबा चहा पीत होता. "हाताला काय कळतंय? तो काटा मीच लावून दिलाय त्यांना. मी लावलेला काटा खोटं बोलत नाही."

बाजारात त्याला सगळे ग्रॅमभाऊ म्हणत. अर्ध्या ग्रॅमसाठी तो वाण्याचा काटा तीन दिवस ठेवून घेई आणि वाण्याशी भांडे. आपल्या कामाबद्दल बोलताना त्याचा आवाज नेहमीच जरा चढा लागे. तसाच तो तेव्हाही लागला होता.

दुसऱ्या दिवशी तो दुकानातून एक काटा घरी घेऊन आला. रोज वजन करून बघू म्हणाला. तिने त्याला दारातूनच परत पाठवले. "रोज आकडा बघून मला दूध येणार नाही. आणि माझं लेकरू म्हणजे रद्दी नाही, उचलून टाकायला." त्यानंतर बाळ जड लागते असे ती पुन्हा कधी म्हणाली नाही. वेळ झाली की बाळाला घ्यायची, त्याच्या गालांकडे, मनगटांकडे बघत राहायची.

आज सकाळी निघताना ती चपला घालता घालता म्हणाली होती, "आकडा फोनवर सांगू नकोस. पेपर झाल्यावर सांग. चांगला असला तरी समोर सांग, वाईट असला तरी समोर सांग."

"चांगलाच असणार."

"तुला कसं कळलं? हाताला?"

आणि ती जिना उतरून गेली होती.

*

साडेनऊचे पावणेदहा झाले. पहिली बाटली संपली. ढेकर आला आणि ढेकराबरोबर थोडे दूध बाबाच्या शर्टावर आले. त्याने शर्ट बदलला. बाळाचे दुपटे बदलले. मोठ्या सुती पट्ट्याने बाळाला छातीशी बांधले, खांद्याला पिशवी लावली, मुकादमचे बूट घातले. तिने ते काढून स्वतः घातले, उलटे.

"दोनशेला पण घे," ती म्हणाली.

दोनशे म्हणजे दोनशे ग्रॅमचे जुने पितळी वजन. वर्षानुवर्षे हाताळून झिजले आणि अर्धा ग्रॅम कमी भरू लागले, म्हणून बाबाने ते कामातून काढले होते. ते मुकादमने ठेवून घेतले. बाळ घरी आल्यापासून दोनशे आईच्या जुन्या रुमालात गुंडाळून झोपे. त्याला दूध मिळे, त्याच्या पाठीवर थापट्या पडत.

"दोनशे घरी राहू दे. ते झोपलंय."

"त्याचं पण वजन करायचंय."

"त्याचं वजन आपल्याला माहितीये. त्याचं नावच ते आहे."

"पण वाढलं असेल," मुकादम म्हणाली. दोनशे पिशवीत गेले.

तीन जिने उतरून फाटकाशी पोचल्यावर ती म्हणाली, "मला सू आली."

"वर विचारलं होतं ना मी?"

"तेव्हा नव्हती आली."

तीन जिने वर, तीन जिने खाली. दुसऱ्यांदा उतरताना पहिल्या मजल्यावरच्या काकू दार उघडून बघत राहिल्या. "एकट्यानेच निघालास? अरे, एकाला ठेव माझ्याकडे."

"नको काकू, जमतंय," तो म्हणाला. खरोखरच जमत होते, आणि त्याचे त्यालाच नवल वाटत होते. छातीवर बाळाचा ऊबदार भार होता, तर्जनीभोवती मुकादमची मूठ होती, आणि रस्त्यावरून चालताना आपण कुणीतरी मोठा माणूस आहोत असे त्याला वाटत होते.

कोपऱ्यावर फळवालीची गाडी उभी होती. तिचा काटाही त्याच्याच हातचा.

"काय ग्रॅमभाऊ, आज लेकरांची जोडी घेऊन फिरताय? मालकीणबाई कुठे?"

"पेपर आहे तिचा."

"आणि तुमच्या गळ्यात हे दोघं. घ्या, केळी घ्या, ताकद लागेल." तिने चार केळी काट्यावर टाकली.

"आधी गोल," खालून आवाज आला.

फळवालीने वाकून पाहिले. "काय म्हणाली?"

"काढ ती केळी. तिला काटा रिकामा बघायचाय," बाबा म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हते.

फळवालीने केळी उचलली. मुकादमने चवडे उंचावून पडदा पाहिला आणि मान हलवली. "आलं. ठेव."

"बापाच्या वरताण आहे ही," फळवाली म्हणाली आणि एक केळे जास्तीचे मुकादमच्या हातात दिले. पुढे चौकापर्यंत बाबा कुणी ओळखीचे भेटते का ते बघत चालला. सांगण्यासारखी गोष्ट होती.

*

दवाखान्यात सात-आठ जण होते. वजनाचे टेबल भिंतीशी होते आणि त्यामागे मोठ्या सिस्टर. चेहरा कडक, हात मऊ. बाळ त्यांच्या हातात गेले की रडायचे थांबे. टेबलावर तो पांढरा काटा होता. चार महिन्यांपूर्वी बाबानेच तो दुरुस्त करून इथे आणून लावला होता, त्याच्या पोटाशी चिकटवलेल्या कागदावर तारीख त्याच्याच अक्षरात होती. ती बघून त्याला बरे वाटले.

त्यांच्या आधीच्या बाळाने काट्यावरची जाड दुलई भिजवली. "रोजचं आहे," म्हणत सिस्टरने ती उचलून बादलीत टाकली आणि काट्याच्या पाळण्यासारख्या पसरट भांड्यात घडीची पातळ चादर पसरली.

"आणा. सगळे कपडे काढा."

बाबाने बाळाला पट्ट्यातून सोडवले, कपडे काढले. उघडे पडल्यावर बाळाने दोन्ही हात झटकले आणि तोंड वाकडे केले. सिस्टरने ते अलगद ठेवले. बाबाने बाळाकडे पाहिले, मग आकड्याकडे. आकडा हलला, हलला, आणि थांबला.

"तीन चारशेचाळीस," सिस्टर म्हणाल्या.

बाबाने आकडा पुन्हा वाचला.

"वाढलंय तसं," सिस्टर वहीत लिहिता लिहिता म्हणाल्या. "पण बाईंनी साडेतीन लिहिलंय ना इथे. बघू काय म्हणतात. घ्या बाळाला, थंडी वाजेल त्याला."

साडेतीनला साठ ग्रॅम कमी. एका अंड्याइतके. बाबाने बाळाला उचलले, खांद्यावर घेतले आणि एका हाताने कपडे शोधू लागला. झबले सापडले तर त्याची बाही सापडेना. त्याला एकच गोष्ट दिसत होती: एक वाजता शाळेच्या फाटकातून ती बाहेर येईल आणि त्याच्या तोंडाकडे बघेल. डबा, तपासण्या, सुया. आणि ती पुन्हा गप्प बसेल.

"बाबा, गोल नाही," मुकादम म्हणाली.

"थांब गं जरा."

"बाबा, गोल नाही आलं."

"मुकादम, आत्ता नाही."

टेबलाची कड तिच्या हनुवटीपर्यंत येत होती आणि काट्याचा पडदा बरोबर तिच्या डोळ्यांसमोर होता. तिने पिशवीत हात घातला, दोनशेला रुमालातून सोडवले आणि दोन्ही हातांनी उचलून चादरीवर ठेवले. खण् असा आवाज झाला.

"अगं, ते काय ठेवतेस," सिस्टर म्हणाल्या.

मुकादम पडद्याकडे बघत होती. मग खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने सांगून टाकले, "दोनशेला काडी आलीय. काटा आजारी आहे."

दोन-तीन आया हसल्या. बाबा हसला नाही. झबले हातात तसेच धरून तो खाली वाकला. पडद्यावर आडवी रेघ होती आणि पुढे साठ. काट्यावर दोनशे ग्रॅमचे पितळ होते आणि काटा म्हणत होता, साठ कमी.

त्याने दोनशे उचलले. रेघ, दोनशेसाठ.

दुकानात कुठलाही माल ठेवण्याआधी तो काटा बघे. बावीस वर्षे, रोज. आणि आज त्याने काटा बघितलाच नव्हता. फक्त आकडा बघितला होता, इथे येणारे सगळे बाप बघतात तसा.

"सिस्टर," तो हळू म्हणाला, "सकाळी तुम्ही काटा सुरू केलात तेव्हा काय ठेवलं होतं याच्यावर?"

"दुलई. रोज ठेवते. मग बटण दाबते, तुम्ही दाखवलं होतंत ते. शून्य येतं." त्यांच्या आवाजाला धार आली. "का? काटा बरोबर आहे, तुमचाच कागद आहे त्याच्यावर."

"काटा बरोबर आहे. धडा उरलाय आत."

"काय उरलंय?"

"धडा. जुना शब्द आहे, तेलवाले वापरायचे. रिकाम्या भांड्याच्या वजनाइतकं दुसऱ्या पारड्यात टाकायचं, म्हणजे तेलाबरोबर भांडं मोजलं जात नाही. त्याला धडा करणं म्हणतात. तुम्ही दुलई ठेवून बटण दाबलंत, तो दुलईचा धडा झाला. आता दुलई बादलीत गेली, पण धडा काट्याच्या पोटात तसाच आहे. काटा अजून दुलई वजा करतोय. या चादरीवर जे बाळ येईल, त्याच्यातून."

सिस्टरने बादलीकडे पाहिले, मग काट्याकडे, मग वहीकडे. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"मला हे कुणी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, बटण दाबलं की झालं."

"मीच म्हणालो," बाबा म्हणाला.

त्याला ती संध्याकाळ आठवली. सहा वाजून गेले होते, दुकान बंद करायची घाई होती. त्याने काटा टेबलावर ठेवला, बटण दाखवले, पावती फाडली. दोन मिनिटांचे काम. मुलीला तो दिवसातून वीस वेळा विचारत आला होता. सिस्टरना त्याने एकदाही विचारले नव्हते.

"चूक माझी आहे, सिस्टर. तुमची नाही. आता एकदा तुम्हीच करा. मी बघतो."

वीस वर्षे बाळांची वजने करणाऱ्या बाईने त्या सगळ्या आयांसमोर चष्मा नीट केला. चादरीची घडी सरळ करून ठेवली. बटण दाबले.

"गोल आलं?" बाबाच्या तोंडून गेले.

"आलं," सिस्टर म्हणाल्या. अगदी गंभीरपणे.

मुकादमने मान वर करून आधी सिस्टरकडे आणि मग पडद्याकडे पाहिले. खात्री पटल्यावर तिने दोनशे पुन्हा ठेवले. काट्याने बरोबर दोनशे दाखवले.

"तसं अर्धा ग्रॅम कमी आहे हे," बाबा म्हणाला.

"इतकं चालतं हो," सिस्टर म्हणाल्या. "आणा बाळाला."

बाळाला दुसऱ्यांदा ठेवलेले मुळीच आवडले नाही. ते पाय झाडत जोरात रडले, आकडा नाचत राहिला. सिस्टरने एक हात त्याच्या पोटाजवळ, न टेकवता, धरला आणि जिभेने टक टक केले. बाळ थांबले. आकडाही थांबला.

"तीन सातशे," सिस्टर म्हणाल्या. मग पुन्हा एकदा, सावकाश, "तीन किलो सातशे ग्रॅम."

त्यांनी वहीतला जुना आकडा रेघ मारून खोडला, नवा लिहिला, शेजारी सही केली आणि एका चिठ्ठीवर तो उतरवून बाबाच्या हातात दिली. मग मागची पाने उलटली.

"पंधरा दिवसांपूर्वी कितव्या नंबरला होतात? सातव्या. म्हणजे दुलई तेव्हाही बदलली असणार. दहा-साडेदहापर्यंत एखादं तरी भिजवतंच." त्यांचे बोट ओळीवरून खाली सरकत गेले. "त्या दिवशी तुमच्यानंतर पाच जणं. परवा चार." त्यांनी दोन नावांखाली रेघ ओढली. "यांतल्या दोघींना डबा सुरू केलाय."

"मी सांगू का बाईंना, की माझ्याकडून..."

"मी सांगते. वही माझी आहे." त्यांनी फोन जवळ ओढला. "सगळ्यांना परत बोलावते. आजच."

निघताना त्या मुकादमसमोर वाकल्या. "कुठल्या शाळेत जातेस तू?"

"दुकानात," मुकादम म्हणाली.

आत डॉक्टरबाईंनी चिठ्ठी पाहिली, बाळाच्या पोटावर बोट दाबले आणि म्हणाल्या, "छान चाललंय. आईला सांगा, काही बदलू नका." बाबा बाहेर आला तेव्हा सिस्टर कुणाला तरी फोनवर सांगत होत्या, "नाही, नाही, घाबरू नका. बाळ बरं आहे. चुकलं ते आमचं."

*

अकरा वाजले होते. बाबाने फोन खिशातून काढला आणि तिचे शब्द आठवून परत ठेवला. खिशात चिठ्ठी होती. दर शंभर पावलांवर तो ती चाचपून बघत होता.

ते बागेत गेले. मुकादम घसरगुंडीवरून सतरा वेळा घसरली. प्रत्येक वेळी वर चढण्याआधी खाली कुणी नाही ना, गोल आहे ना, ते तिने बघितले. दोनशेही एकदा घसरले आणि वाळूत रुतले. बाकावर बसून बाबाने बाळाला दुसरी बाटली दिली. गिळताना बाळाच्या गळ्यातून बारीक आवाज येत होता आणि डोळे अर्धे मिटत होते. त्याने पहिल्यांदाच ते नुसते हातावर धरून पाहिले. एक हात मानेखाली, एक कमरेखाली. डोळे मिटून. किती असेल, हे हाताला विचारले. हाताला काहीच कळले नाही. ऊब कळली, ओलसरपणा कळला. वजन कळायला रोज बारा-बारा वेळा उचलावे लागत असणार, दीड महिना.

तिला कळत होते. आणि ते तिने सांगितलेही होते.

ढेकर विसरला नाही. या वेळी शर्ट वाचला.

*

एकच्या आधीच ते शाळेच्या फाटकाबाहेर येऊन उभे राहिले. तिथल्या पायऱ्यांवर बसून मुकादमने एक केळे खाल्ले आणि एक दोनशेसाठी ठेवले. घंटा झाली. माणसे बाहेर येऊ लागली, घोळक्याने, उत्तरे पडताळत. ती सगळ्यांच्या मागून आली. एका हातात लिहायचा पुठ्ठा आणि पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात छत्री, खांद्याला पर्स. बोटाला शाई. तिने लांबूनच त्यांना पाहिले आणि चालणे हळू केले.

जवळ आल्यावर तिने आकडा विचारला नाही.

"जेवली का ही?"

"जेवली. भात, दोन केळी."

"दुसरी बाटली?"

"संपली. ढेकर झाला. पेपर कसा होता?"

"पाण्याच्या मीटरवर वीस मार्कांचा प्रश्न होता. मला झोपेतही येतो तो." ती थोडी हसली. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून थांबली. "सांग आता."

बाबाने बाळाला पट्ट्यातून सोडवले. "मी नाही सांगणार. तू सांग."

"म्हणजे?"

"हातात घे आणि तू सांग. किती भरतंय."

तिने त्याच्याकडे पाहिले. चेष्टा करतो आहे का ते तिला कळेना. पुठ्ठा बगलेत धरून ती हात पुढे करू लागली, तेवढ्यात मुकादम पायरीवरून उठून मध्ये आली.

"आई, आधी गोल."

"काय गं?"

"हातात सामान आहे तुझ्या. आधी गोल कर."

आईने पुठ्ठा पायरीवर ठेवला. बाटली ठेवली, छत्री ठेवली. पर्स खांद्यावरून उतरवली. मग दोन्ही तळहात पुढे करून मुकादमला दाखवले. मुकादमने ते वरून पाहिले, उलटे करायला लावून खालूनही पाहिले.

"आलं," ती बाबाला म्हणाली. "ठेव."

त्याने बाळ त्या रिकाम्या हातांवर ठेवले. आईने डोळे मिटले. फाटकातून माणसे जात होती, कुणी वळून बघत होते. तिने बाळाला थोडे वर उचलले, थोडे खाली घेतले.

"साडेतीनच्या वर आहे," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच. "बरंच वर. पावणेचार."

बाबाचा हात खिशातल्या चिठ्ठीवर होता. पन्नास ग्रॅमचा फरक होता. अर्ध्या ग्रॅमसाठी आजवर त्याने किती जणांशी भांडण काढले होते, त्याला गणती नव्हती.

"बरोबर," तो म्हणाला. चिठ्ठी त्याने खिशातच घडी करून आणखी खोल सरकवली.

आईने डोळे उघडले. पाणावलेले होते, पण ती रडली नाही. "आणि तो काटा? त्या दिवशीचा?"

"काटा बरोबर होता. मी चुकलो होतो."

बाकीचे सगळे विचारायला घरी जाईपर्यंत खूप वेळ होता. तिने बाळाला खांद्यावर घेतले, त्याच्या मानेखाली हात सारला आणि परत द्यायची काही तयारी न दाखवता रस्त्याला लागली. पाठ ताठ, पाऊल सावकाश, शाईचे बोट बाळाच्या पाठीवर.

मुकादमने दोनशेला रुमालात गुंडाळले, तसेच खांद्यावर घेतले आणि आईच्या मागोमाग निघाली. बाबाने पायरीवरचे सामान उचलले: पुठ्ठा, बाटली, छत्री, पर्स, पिशवी. दोन्ही हात भरले, आणि तो त्या दोघींच्या मागे चालू लागला.